बोटीचा कान

८ एप्रिल

साहू सरांनी आज चारही सोनार माझ्या टेबलावर आणून ठेवले. सोनार म्हणजे दागिने घडवणारा नव्हे. पाण्यात आवाज सोडून खाली किती खोल आहे, मासे कुठे आहेत, ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. धमतरीकडच्या धरणावर आमच्या मत्स्य खात्याच्या चार नावा आहेत, त्यांच्यावर ही बसवलेली होती. पडदे उजळतात, पण खोलीच्या जागी नुसत्या रेघा येतात. दोष पडद्यात नाही. नावेच्या तळाला वाटीएवढा एक तुकडा पाण्यात बुडालेला असतो, ट्रान्सड्यूसर, तो मेला आहे. आवाज सोडणारा तोच आणि परत ऐकणारा तोच. चारही मेले. कंपनीनं हे मॉडेल कधीचंच बंद केलं, नव्या ट्रान्सड्यूसरची पिन याच्यात बसत नाही, आणि यंत्रंच नवी घ्यायची तर टेंडर, म्हणजे पुढचं वर्ष.

"वैरागडेजी, सोलह जून से मछली पकड़ना बंद हो जाएगा. उसके पहले सर्वे चाहिए," शालिग्राम साहू सर म्हणाले. वयानं माझ्याहून लहान, खुर्ची मोठी. "आपसे ही होगा."

'आपसे ही होगा' हे सरकारी नोकरीतलं हरभऱ्याचं झाड आहे. मी चढलो.

घरी सुनेत्राला सांगितलं. "भेटन का जी ते कुठी?" तिनं विचारलं. भेटन म्हणालो. कुठी, ते मलाच माहीत नव्हतं.

१३ एप्रिल

चेन्नई झालं, कोलकाता झालं, वेरावळ झालं. सगळ्यांचं एकच, नवा सेट घ्या. वेरावळच्या माणसानं शेवटी दया येऊन एक नंबर दिला: अच्युत पराडकर, मालवण, ट्रॉलरवरची यंत्रं दुरुस्त करतो, जुना माल ठेवतो. मालवण म्हणजे सुनेत्राच्या माहेरचा भाग. तिचं गाव सर्जेकोट, मालवणला लागूनच. आई-वडील गेले, भावानं घर विकलं, तेव्हापासून आमचं तिकडे जाणं नाही.

संध्याकाळी घरूनच फोन लावला. माणूस भला वाटला, पण भराभर बोलतो. "दोनशेचा हवा की पन्नासचा?" म्हणाला, म्हणजे किती किलोहर्ट्झच्या आवाजाचा. मी म्हटलं, "हव." म्हणजे हो, ऐकून राहिलो, बोला पुढं. इथं अर्धं बोलणं हववरच चालतं. शब्द छत्तीसगढी खरा, पण आमच्या घरात आजोबांपासून आहे. तो म्हणाला, "बरं. पितळेचा हवा की प्लास्टिकचा?" मी म्हटलं, "हव." "म्हणजे दोन्ही हवे?" "हव, हव."

समोर तांदूळ निवडत बसलेली सुनेत्रा हसायला लागली. "आना इकडे," म्हणाली आणि फोन घेतला. आणि मग तिनं तोंड उघडलं, आणि कोणी वेगळीच बाई बोलली. "मी तेंची बायल बोलतंय. तेंका दोनशेचेच व्हये. चार."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा आवाज मी लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार महिन्यांतच काय तो ऐकला होता. तिचे मामा बिलासपूरला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ आणलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी ती नवी नवी आली तेव्हा 'माका-तुका' करायची. माय आणि माझ्या काकू पोट धरून हसत. शेजारणींना बोलावून आणत, या वं, आमच्या सुनेचं ऐका. सुनेत्रासुद्धा हसायची. वर्षभरात ती मायपेक्षा फर्मास 'मले-तुले' बोलायला लागली. पहिल्यापासून हुशार.

१७ एप्रिल

पराडकरचा फोन आला. माझ्या हववरून त्यानं दुकानातले झाडून सगळे नमुने बाजूला काढून ठेवले होते. साहेबांना सगळे हवेत म्हणे. सुनेत्रानं निस्तरलं.

आमच्या कामाचं असं आहे. दुकानातला एकही आमच्या यंत्राला लागत नाही. पण तिकडच्या काही जुन्या ट्रॉलरांच्या पोटाला अगदी हाच ट्रान्सड्यूसर आहे, दोनशेवाला. तिकडचे लोक त्याला बोटीचा कान म्हणतात. मालक नवी यंत्रं बसवणार आहेत, जुने कान विकतील. पण ते तळात बोल्टानं आवळलेले असतात. मेअखेर मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या, की मगच निघतील. तोवर थांबा.

एवढं सांगायला किती वेळ लागतो? बटाटे करपले तरी बोलणं चालूच. आणि हसणं. आमच्याकडे सुनेत्रा तोंडावर हात ठेवून हसते. हे हसणं गळ्यातून येत होतं. मी बैठकीत बसून टीव्हीचा आवाज कमी केला.

२२ एप्रिल

'पराडकर' गेलं, 'अच्युतभाऊ' आलं होतं, ते मी चालवून घेतलं. आज 'भाऊ' गळालं. नुसता अच्युत.

मी विचारलं, "काहून, भाऊ कुठी गेला?" ती म्हणाली, "अवो, आमच्या बाजूच्या वाडीतला निघाला तो. त्याची बहीण माझ्या वर्गात होती." असं सांगते की जणू त्यानं प्रश्न मिटला. उलट वाढला. तो तिला 'सुनी' म्हणतो. हे मी फोनच्या बाहेर सांडलेल्या आवाजात ऐकलं. मी तिला आजवर 'अवं' शिवाय काही म्हटलेलं नाही, पण म्हणून दुसऱ्यानं म्हणावं असं नाही.

बोलताना मधेमधे ती 'गे' म्हणते. आमच्याकडे बाईला म्हणतात. तिकडे बाप्यालाही म्हणत असतील.

२९ एप्रिल

व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो पाहिला. बोटीला रेलून उभा आहे. केस काळे. रंगवलेले असावेत. पोट नाही.

रात्रीचा भात बंद केला. मंजिरी म्हणाली, "पापा, आप जल रहे हो क्या?" मी म्हटलं, कोणावर? "किसी पे नहीं," म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. पोट्टी कॉलेजात गेल्यापासून मराठीत विचारा, हिंदीत उत्तर देते, आणि उत्तर देते तेही असं.

६ मे

आज मीच अच्युतला फोन लावला. बायकोमार्फत कशाला? सरकारी काम आहे. "साहेब, बोटी अजून पाण्यात आहेत," एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "वहिनी आहेत का घरात?"

मी म्हटलं, बाजारात गेली. ती स्वयंपाकघरात उभी होती.

११ मे

ऊन असं की दुपारी नवा रायपुरात कुत्रंही दिसत नाही. रस्ते एवढे रुंद की चार वराती शेजारून जातील, आणि वरात एकही नाही. बस आली तर आली. ऑफिस इकडे आलं म्हणून तात्यापारा सोडून आम्ही इथल्या फ्लॅटमध्ये आलो. मला बरं, ऑफिस जवळ. सुनेत्राला इथं बोलायला कोणी नाही, पण ती तशीही फार बोलणारी नाही, असं मी समजत होतो. आता संध्याकाळी बाल्कनीत फोन घेऊन उभी असते. मी कपडे वाळत घालायला लागलो आहे. वाळलेलेसुद्धा.

आज तिनं नारळ वाटून, सोलं घालून माशांचं कालवण केलं. मायला त्याचा वास खपत नसे, म्हणून या घरात ते कधी झालं नव्हतं. फार चांगलं झालं होतं. मंजिरीनं दोनदा घेतलं. मी म्हणालो, मीठ जास्त पडलं. नव्हतं पडलं. सुनेत्रानं चाखून पाहिलं, म्हणाली, "हो का जी?" आणि उरलेलं झाकून ठेवलं.

१८ मे

करू नये ते केलं. ती आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन पाहिला.

बहुतेक बोटींच्या पोटांचे फोटो. शिंपल्यांची खपली धरलेला तळ, मधे तो वाटीसारखा कान. एक समुद्राचा व्हिडिओ. आणि त्याच्या आवाजातला एक निरोप. तो मी ऐकला. मग माझ्या फोनवर पाठवून घेतला, तिच्या फोनवरून त्याची खूण पुसली, आणि बाथरूममध्ये नळ सोडून परत परत ऐकला. "बोटी वर ओढूक लागले. आता ये. आवशीक भेटूक ये गो. मगे कान पण घेऊन जा."

सगळं समजलं. 'आवशीक'ला अडलो. मग लख्ख कळलं. अवस. आमच्या बोलीत अमावस्येला अवस म्हणतात, अवसेला भेटायला ये म्हणतो आहे. भेटायची तिथीसुद्धा कशी निवडली पाहा, चंद्राचा उजेड नको. आणि कान 'पण' घेऊन जा. माझं सरकारी काम आता 'पण' झालं.

दिनदर्शिका पाहिली. अवस सहा जूनला आहे. जेवण गेलं नाही. मंजिरी म्हणाली, आज तो चावल खा लो. खाल्ला नाही.

१९ मे

मी गप्प राहणार होतो. तिनंच काढलं.

"मी जाऊ काय मालवणले? चार-पाच जूनकडं? कान यंत्राला लावून पाण्यात टाकून पाहा लागते म्हणते अच्युत. मले समजते त्याचं बोलणं."

चार-पाच जून. मी म्हटलं, सरकारी यंत्र बायकोच्या हाती पाठवता येत नाही, मीच जातो.

"मग दोघंही जाऊ ना. मले बी पाहाचं हाय सगळं. त्याच्या घरी त्याची..."

"त्याच्या घरचं मले कायले सांगून राहिली?" मी म्हणालो. "मंजिरीचे पेपर हायेत."

आतून आवाज आला, "मेरे पेपर तो कल ही खतम हो गए."

"घर मोकळं टाकता येत नाही," मी म्हणालो. हे कोणत्या नियमात बसतं ते मला कोणी विचारलं नाही. सुनेत्रा म्हणाली, "ठीक हाय. तुम्ही जा." भांडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं ती भांडेल, आणि त्यावरून मला काय ते कळेल.

२ जून

उद्या निघतो. सुनेत्रानं पिशवी भरून दिली. ठेठरी, खुरमी हा इकडचा तळलेला खाऊ, आणि कागदात गुंडाळलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची शाल. मळकट पांढरी, मरून काठाची, हातात धरली तर लोण्यासारखी मऊ. रायपूरच्या पंडरी बाजारात जाऊन आणली म्हणे, एकटीनं, दोन बस बदलून. "हे त्याच्या घरी द्या. पावसाळ्यात तिकडं लय गारवा असते."

कोशाची शाल. मला थंडी वाजते तेव्हा मी मायची जुनी घोंगडी घेतो.

ती झोपायला गेल्यावर शाल काढून माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली. ठेठरी-खुरमी राहू दिली. तेवढा मी वाईट नाही.

५ जून, मालवण

कुडाळहून एसटीनं आलो. अच्युत स्टँडवर घ्यायला आला होता. मला नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून एसटीच्या दाराकडे बघत राहिला. सगळी माणसं उतरली. "वहिनी नाही आल्या?" मी म्हटलं, मुलीची परीक्षा. तो 'बरं' म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. मी तो नीट पाहून घेतला.

बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. त्यांच्या पोटाखाली आम्ही आडवे पडलो. त्यानं खपली खरवडली, बोल्ट सैल केले, एकेक कान काढून माझ्या हातात दिला. सोबत नेलेल्या यंत्राला जोडून कानाशी धरला की आतून टिक् टिक् ऐकू येतं. धक्क्यावरून पाण्यात सोडला, आणि पडद्यावर रेघांच्या जागी आकडा आला. चारही चांगले निघाले. दिवसभर त्यानं एक वाकडा शब्द काढला नाही, मध्येच शहाळं आणून दिलं. मी त्याच्यात खोट शोधत होतो. दात थोडे पुढे आहेत, एवढंच.

उद्या घरी जेवायला बोलावलं आहे. उद्या अवस. इकडे सुनेत्रा नाही, मी आहे. आता काय करतो बघू.

६ जून, मालवण

जेवायच्या आधी अच्युत म्हणाला, "चला, आधी आवशीक भेटा."

मी म्हटलं, कोणाला?

"आवशीला. आवस म्हणजे आई. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"माय," मी म्हणालो.

ओसरीवर बाजेवर म्हातारी बसली होती. डोळे दुधाळ झालेले, काही दिसत नाही. तिनं हात लांब करून माझा चेहरा चाचपला आणि विचारलं, "सुनी खंय आसा?"

ती आणि सुनेत्राची आई जन्मभर एकत्र मासळी वाळवायच्या, एकाच पाटीमागे विकायला बसायच्या. एप्रिलमध्ये सुनेत्राचा आवाज फोनवर ऐकला आणि म्हातारीला वाटलं, मैत्रीणच बोलते आहे, इतका तो आवाज तिच्यासारखा. तेव्हापासून संध्याकाळ झाली की अच्युतच्या मागे लागते, सुनीला फोन लाव. तो लावून देतो आणि कामाला निघून जातो. बोलते ती म्हातारी. मी बाल्कनीत वाळलेले कपडे वाळत घालत होतो तेव्हा माझी बायको या बाईशी बोलत होती. 'गे' या बाईला होता.

"सुनीन शाल धाडल्यान मां?" म्हातारीनं विचारलं.

सुनेत्रानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, घाईत घरी राहिली, पाठवतो. मग पिशवीतली ठेठरी काढून तिच्या हातात दिली, काहीतरी द्यायला हवं म्हणून. तिला दात नाहीत. ती ठेठरी तोंडात धरून चोखत बसली आणि 'बरी आसा, बरी आसा' म्हणत राहिली. अच्युतच्या बायकोनं सुनेत्रासाठी म्हणून केलेलं सगळं जेवण मला वाढलं. मी जेवलो. दुसरं काय करणार होतो.

९ जून

घरी आलो. कान दाखवले. सुनेत्रानं एक उचलून वास घेतला, म्हणाली, "खारट हाय अजून."

मग विचारलं, "काकीले शाल आवडली? दिसत नाही तिले. हात फिरवला असन."

"हव," मी म्हणालो.

समुद्र कसा होता ते विचारलं. मी सांगितलं, चांगला होता, दमट हवा, फार घाम येतो. ती अजून काही ऐकायचं आहे अशी उभी होती. मला आणखी काही आठवलं नाही.

१० जून

लोणच्यासाठी कैऱ्या आणल्या आहेत हे माझ्या लक्षात राहिलं नाही. ऑफिसातून आलो तर माळ्याखाली स्टूल, बरण्या खाली काढलेल्या, आणि शाल माझ्या उशीवर ठेवलेली.

सुनेत्रा पलंगाच्या कडेला बसली होती. "काहून?" एवढंच म्हणाली.

सगळं सांगितलं. निरोप ऐकला ते. अवस, अमावस्या, दिनदर्शिका. मला वाटलं ती हसेल. एवढा मोठा गाढवपणा, कोणीही हसलं असतं. ती हसली नाही.

"म्हणजे तुमाले वाटलं मी त्याच्यासाठी जाऊन राहिली."

"हव."

"आन म्हणून तुम्ही एकले गेले. मले सोडून माझ्या गावाले जाऊन आले."

मी म्हटलं, चुकलं. तिनं ते ऐकलं असं वाटलं नाही. कैरीचा चीक लागलेले हात पदराला पुसत म्हणाली, "लग्न होऊन आली तवा सगळे हसत. तुम्ही बी. मी बी हसू लागली, दुसरं काय करणार होती मी? मंग ते बोलणंच सोडलं. मले वाटलं गेलं ते. काकीनं 'सुनी' म्हटलं आन जसंच्या तसं तोंडात आलं. घरी आल्यावानी वाटे मले. रोज संध्याकाळी मी घरी जात होती, तुम्हाले काय सांगू."

एवढं ती सलग कधी बोलली नव्हती. मग उठून कैऱ्या फोडायला गेली.

१३ जून

धरणावर सर्वे झाला. नत्थूच्या नावेवर पहिला कान बसवला. नत्थू धरणावरचा आमचा नावाडी, खोलीच्या रेघा बघून कंटाळलेला. पडद्यावर आकडा आला, खाली माशांचे ठिपके आले, तो वाकून बघत म्हणाला, "दिखत हे साहेब, दिखत हे." चारही नावा दिवसभर फिरल्या. साहू सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. वैरागडेजी ने कमाल कर दिया.

घरी सांगितलं. सुनेत्रा म्हणाली, "चांगलं झालं," आणि ताट वाढलं.

तिनं मालवणला फोन करणं सोडलं आहे. तिकडून आला तर मंजिरीला सांगते, कामात हाय म्हण. मंजिरी माझ्याकडे अशी बघते की मी पेपर उघडतो. बाल्कनीत आता कोणी उभं नसतं. दोन महिने मला जे हवं होतं ते मिळालं आहे, आणि घरात बसवत नाही.

१६ जून

आज धीर केला. चहा घेताना म्हटलं, "अवं, माझ्याशी बोल ना तुझ्या बोलीत. हसणार नाही मी."

तिनं कप खाली ठेवला. खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग म्हणाली, "तुमच्यासमोर येत नाही जी."

रागानं म्हणाली असती तर चाललं असतं. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. आणि मी काय विचार केला? की दात पुढे असलेल्या त्या माणसाशी ते येतं, चार गल्ल्यांपलीकडच्या कोणाशीही येईल, आणि एवढी वर्षं एका ताटात जेवलेल्या माझ्याशी येत नाही. सगळं कळूनसुद्धा माझा हेवा जात नाही. फक्त आता मला नक्की कोणाचा हेवा वाटतो ते सांगता येत नाही.

२१ जून

शाल गेल्या आठवड्यातच पार्सलनं पाठवली. आज संध्याकाळी अच्युतचा निरोप आला, माझ्या फोनवर, साध्या मराठीत, मला समजेल असा. शाल पोचली. आई ती पांघरून बसली आहे, उकडत असूनही काढत नाही. वहिनींवर रागावली आहे, फोन का करत नाही म्हणते.

मी त्याच्या घरी फोन लावला. म्हातारीच्या हाती गेला. "सुनी?" तिनं विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन फोन सुनेत्राच्या कानाला लावला. कणकेचे हात होते तिचे, फोन बाजूला करता आला नाही. पलीकडून म्हातारी बोलत होती, पण मी समोर उभा होतो, आणि सुनेत्राचे ओठ हलेनात.

मला कळलं. मी फोन तिच्या खांद्याशी नीट टेकवला, चपला घातल्या आणि दार ओढून बाहेर आलो.

दाराला कान लावायची इच्छा झाली, खोटं कशाला लिहू. लावला नाही, पण दूरही गेलो नाही. जिन्यात बसलो. आधी बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला, दबका, "गे काकी... जेवलंस?" आणि मग तो आवाज मोकळा झाला, वाढत गेला, आणि ते गळ्यातलं हसणं आलं. मला एक शब्द धड समजत नव्हता. त्या आंधळ्या म्हातारीचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

वरच्या मजल्यावरचे वर्माजी भाजीची पिशवी घेऊन येत होते. मला जिन्यात बघून थांबले. "क्या वैरागडेजी, बाहर क्यों बैठे हैं? चाबी भूल गए?"

"नहीं," मी म्हणालो. "अंदर मेरी घरवाली का मायका आया है."

ते दाराकडे बघून मान हलवत वर गेले. मी त्यांना वाट द्यायला भिंतीकडे सरकलो होतो, तसाच बसून राहिलो.